गच्चीवरचा जोंधळा

अंबरपेठेत अप्पाराव बिराजदारांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि असलाच तर तो जन्मात कधी बसने गेला नव्हता असं समजायचं. कोठीच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. त्यांची शिट्टी वाजली की ड्रायव्हर तोंडातला घास तसाच गालात ठेवून गिअर टाकायचा. ती शिट्टी पार पुलापर्यंत ऐकू जायची आणि पुलाखालची मुसी नदीसुद्धा दचकून दोन हात पुढं सरकायची, असं अप्पाराव स्वतःच सांगायचे. ऐकणारे माना डोलवायचे, कारण पुढची बस त्यांच्याच हातात असायची.

असा माणूस एक दिवस रिटायर झाला. सोबत्यांनी गळ्यात हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. हार काढायच्या आधीच अप्पारावांनी बायकोला समोर बसवून पुढच्या आयुष्याचं वेळापत्रक सांगितलं.

"हे बघ जयवंते, उद्यापासून असं. पहाटे उठायचं, दोघांनी मैदानावर फिरायला. आल्यावर चहा आणि पेपर. मग पूजा, मग नाश्ता. जेवण झालं की दुपारी पक्की झोप. संध्याकाळी मारुतीचं देऊळ. रिकामं बसायचं नाही. रिकामं बसलेला माणूस सडतो. मी बघितलेत किती तरी."

"बरं," जयवंता म्हणाली, आणि हाराची फुलं सुकायच्या आत देवाला वाहायला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पाराव पांढरे बूट बांधून दारात उभे. बायको घरात नाही. न्हाणीत नाही, देवघरात नाही. शेवटी वर गच्चीवर गेले, तर जयवंता साडीचा ओचा खोचून कठड्यापलीकडे, शेजारच्या गच्चीवर, तोंडलीच्या मांडवाखाली वाकलेली.

दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून बांधलेली. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये गुडघ्याएवढा कठडा. पलीकडचं घर श्रीनिवासरावांचं. जुन्या हैद्राबादचं घराणं. हायकोर्टातल्या उर्दू कागदांचा तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी खुरपं हातात धरलं नव्हतं. आणि आता पेन्शन सुरू झाल्यापासून या गृहस्थाने गच्चीवर जे काही मांडलं होतं, त्याला नाव काय द्यावं? अर्धे कापलेले निळे पिंप, मासळीचे फोमचे डबे, फुटक्या बादल्या, आणि त्यांत वांगी, चुका, अंबाडी, कारली, मेथी. काय नव्हतं ते विचारावं.

"जयवंते, बूट घातलेत मी."

"घाला की," पलीकडून आवाज आला. "जाऊन या तुम्ही. मी तोंडलीला पाणी घालूलाले."

पानांमधून श्रीनिवासरावांचं डोकं वर आलं. कानावर माती लागलेली. "नमस्कार अप्पाराव. मुबारक. आता आराम करा."

"आराम करणाऱ्यांतले नव्हेत आम्ही."

"मग या इकडं. चार वांगी खुरपून द्या," श्रीनिवासराव हसून म्हणाले.

ते साध्या मनाने म्हणाले. पण अप्पारावांच्या छातीत कुणी चुलीतलं जळतं लाकूड आत सारावं तसं झालं. आम्ही बिराजदार. आमचं रान उदगीरच्या शिवारात होतं. आणि हा कारकुनाच्या हाताचा माणूस आम्हाला सालगडी ठेवून घेतो? त्या रानाची शीव अप्पारावांनी चौथ्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून ओलांडली होती आणि पुढं ते रान विकूनही गेलं, ही गोष्ट वेगळी. रक्त ते रक्त.

मैदानावर ते एकटेच गेले. एक फेरी मारली. पुढून येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या बाजूला त्याची म्हातारी होती. दुसरी फेरी न मारता परत फिरले आणि आपल्याच जिन्याच्या वरच्या पायरीवर चोरासारखे बसून पलीकडचं बोलणं ऐकू लागले.

"मावा पडलाय हो जयवंताबाई, बघा ही कीड, या पानाच्या पाठी."

"आंबट ताक शिंपडा. दोन दिवसांनी परत शिंपडा."

"आणि हे पान कोकडलंय?"

"ते काढून टाका. लाड करू नका त्याचे."

एवढंच. अक्षर इकडचं तिकडं नाही. पण तासभर चाललेलं. अप्पारावांनी मनात हिशेब केला: एवढं बोलणं आपल्याशी हिचं मागच्या पाडव्यापासून मिळून झालं नसेल. आणि आपण माव्यापेक्षा काय वाईट आहोत?

हा रोजचा क्रम झाला. अप्पाराव फिरून यायचे, चहा स्वतः करून प्यायचे, पेपर उघडून धरायचे आणि कान वर ठेवायचे. एकदा न राहवून शेजारी खाली गेले. श्रीनिवासरावांच्या मंडळी मालतीबाई उंबऱ्याशी खुर्ची टाकून गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून बसलेल्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढून किती तरी वर्षं झाली होती.

"वैनी, साहेब फार वेळ वर असतात," अप्पाराव आडून म्हणाले.

"असू द्या हो," मालतीबाई म्हणाल्या. "हा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून उठून कुठं तरी जाईल म्हणून मी जन्मभर वाट बघितली. कोर्टातून आला की माझ्या भाजीत काय चुकलं ते कलमवार सांगायचा. आता वांग्यांना सांगतो. तुमच्या जयवंताबाईंचे उपकार आहेत, त्या ऐकून घेतात. तुम्ही त्यांना खाली बोलावू नका, तुमच्या पाया पडते."

इथंही काही हाती लागलं नाही.

गणपती झाले आणि आगीत तेल पडलं. गच्चीवर भाज्या लावणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं शहरात. मंडळाने श्रीनिवासरावांना शाल पांघरली आणि हातात पाटी दिली. पाटीवर तेलुगूत लिहिलेलं: उत्तम रैतू. म्हणजे उत्तम शेतकरी. पेपरात फोटोसुद्धा आला, एका हातात पाटी, दुसऱ्या हातात वांगं. जयवंता तो पेपर घेऊन नाचत घरात आली.

"बघा की. आमच्या वांग्याला मिळालं."

"कुणाच्या?"

"आमच्या. हे मीच लावलेलं. हातात धरलेलं."

अप्पारावांनी फोटो निरखून पाहिला. "नासकं दिसतंय," ते म्हणाले.

 जयवंता उदगीरकडच्या शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन आली ती थेट अंबरपेठेच्या फरशीवर. फरशीवर पोरं वाढवली, फरशी पुसली, फरशीवर पापड वाळवले. ती चुलीशी गेली आणि तिथूनच, पाठमोरी, सहज बोलल्यासारखं बोलली:

"यंदा येळवस त्यांच्या गच्चीवर करावी म्हणूलाले मी."

अप्पारावांच्या हातातला पेपर खाली आला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली. उदगीर-लातूर-बीदरच्या मुलखात त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोपी, म्हणजे लहानशी झोपडी करायची, तिच्यात पाच पांडव मांडायचे, भज्जी-आंबील-उंड्यांचा निवद दाखवायचा, पिकावर आंबील शिंपडत रानाभोवती फिरायचं. दिवाळीला घरी नाही आला तरी चालतो, पण येळवसीला माणूस रानात आलाच पाहिजे. अप्पाराव जन्मभर येळवसीला ड्यूटी घेत आले होते. जयवंता कधी भावाच्या रानात जायची, कधी नाही. न गेली त्या वर्षी ती दिवसभर कुणाशी बोलायची नाही. हे अप्पारावांच्या ध्यानात यायचं, पण दुसऱ्या दिवशी.

"येळवस दुसऱ्याच्या रानात करतात का?" ते म्हणाले.

"मग कुठं आहे आपलं रान?"

"आहे."

"कुठं?"

अप्पारावांनी बोट वर केलं. पंखा, पंख्यावर छत, छतावर गच्ची. "पेरतो मी. जोंधळा पेरतो. येळवस आपल्या जोंधळ्यात होईल. मग तू तिकडं जातीस का इकडं येतीस बघू."

जयवंता वळली आणि नवऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

तेव्हापासून अप्पारावांच्या दिवसाला धंदा मिळाला. पेपर बंद, मैदान बंद. एका पाडलेल्या घराच्या पायाच्या खड्ड्यातली काळी माती त्यांनी हातगाडीवर आणली. काळीच पाहिजे, श्रीनिवासरावाच्या लाल मातीसारखी नको. पोती पाठीवर घेऊन जिना चढायचे. दुसऱ्या पोत्याला गुडघा कुरकुरला, चौथ्याला कंबर धरली. पाचवं पोतं मधल्या पायरीवर टेकवून ते त्याच्यावरच बसले आणि कोठीच्या स्टँडवर शिट्टी मारण्यात शक्तीचं काम काहीच नव्हतं हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. रात्री पालथे पडले. जयवंतेने तेल लावून कंबर रगडली.

"कोण सांगितलं होतं ह्या वयात?"

"तू दाब. बोलू नको."

तेवढं एक बरं झालं. सकाळी नाही, पण कंबरेच्या निमित्ताने बायको जवळ आली होती.

बियाणं आणायला ते कोठीपलीकडच्या दुकानात गेले. घरात जोंधळ्याचा डबा भरलेला होता, पण बायकोच्या डब्यातला दाणा पेरला तर श्रेय डब्याला जाणार. दुकानदार पोत्यांमध्ये बसलेला.

"जवारी होना?"

"हौ. लेकिन सबसे ऊंची होना," अप्पाराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढं पलीकडचा तोंडलीचा मांडव होता.

"ऊंची बोले तो ये लो. छत को लगती."

"छत के ऊपर लगती क्या?"

"आसमान को लगती साब. कित्ती देऊं?"

अप्पारावांनी दाणा हातात घेऊन, फुंकर मारून, दाताखाली फोडून बघितला. बाप असं करायचा असं त्यांना अंधुक आठवत होतं. पुढं काय बघायचं ते आठवत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पिशवी भरून घेतली.

घटस्थापनेच्या आधी पेरणी झाली. पिंपांत, टपांत, जुन्या पाण्याच्या टाकीच्या दोन फाकांत. दाणा मुठीने टाकला, दाट. श्रीनिवासराव कठड्याशी येऊन बघत होते.

"अप्पाराव, जरा दाट नाही झालं?"

"तुमच्या कोर्टात विरळ पेरत असतील," अप्पाराव म्हणाले.

आणि जोंधळा आला. आला म्हणजे कसा आला. आठवड्यात वीतभर, दसऱ्याला कंबरेला, दिवाळीला अप्पारावांच्या टोपीवर. रात्री गच्चीवर कान दिला तर कांडं सुटल्याचा कट्कट् आवाज यायचा. उड्डाणपुलावरून जाणारे लोक मान वळवून बघू लागले. एक रिक्षावाला तर गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना म्हणाला, "वो जवारी वाली बिल्डिंग के पीछे." हे अप्पारावांच्या कानावर आलं त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण जयवंता पहाटे कठडा ओलांडायची ती ओलांडायचीच. आणि नवीनच पंचाईत झाली. जोंधळा इतका दाट माजला की अप्पारावांना पलीकडचं दिसेना. त्यांना आपल्याच पिकात शिरून, पानं हाताने बाजूला करून, रानडुकरासारखं डोकावावं लागे. पानांच्या कडांनी गाल कापले. एकदा डोकावले तर समोर हातभरावर श्रीनिवासरावांचं तोंड.

"काही हवं होतं?" श्रीनिवासराव म्हणाले.

"खुरपूलालो."

"अच्छा. मी म्हणणारच होतो. तुमच्या ज्वारीची सावली माझ्या वांग्यांवर पडतेय. सकाळचं ऊन सगळं अडलं. फूल धरेनात."

"ऊन देवाचं आहे," अप्पाराव म्हणाले. "कुणाच्या गच्चीवर पडावं ते तो बघतो." आणि पानं सोडून दिली.

तो दिवस त्यांना फार गोड गेला. संध्याकाळी जयवंता जेवण वाढताना म्हणाली, "वांगी मी लावलेली आहेत. सावलीनं मरूलालीत." त्यावर त्यांनी गोडाचा घास तसाच गिळला. वांग्याला ऊन मिळालं नाही याचं तिला दुःख. आपल्याला काय मिळत नाही हे तिने कधी विचारलं?

येळवस तोंडावर आली, आणि जोंधळा पोटरीला येईना. कणीस बाहेर पडायच्या आधी वरचं पान गर्भार पोटासारखं फुगतं, ती पोटरी. अप्पाराव रोज वरची पानं चाचपून बघायचे. काही नाही. दांडा आणि पान, दांडा आणि पान.

"यंदा थंडी उशिरा पडली," त्यांनी एकदा जयवंतेला सांगितलं.

"असंल," जयवंता म्हणाली आणि वरच्या पानाला हात न लावता खाली गेली.

येळवसीच्या दिवशी मात्र सगळं थाटात झालं. जयवंता त्या दिवशी पलीकडे गेली नाही. पहाटे आपल्या गच्चीवर आली, पदर खोचला, आणि जोंधळ्याचे पाच दांडे शेंड्याला बांधून कोपी उभी केली. आत पाच खडे चुन्यात माखून मांडले. हिमायतनगरहून लेक त्रिवेणी आली, बँकेतून रजा काढून. भज्जीचं पातेलं, बाजरीची भाकरी, उंडे, मडक्यात दोन दिवस आंबवलेली आंबील. जयवंतेने श्रीनिवासरावांना बोलावलं होतं. ते शाल पांघरून आले. तीच शाल. अप्पारावांनी ती बघितली न बघितल्यासारखी केली.

जयवंता आंबील शिंपडत टपांभोवती फिरली. "ओलगे, ओलगे," असा येळवसीचा गजर करत फिरली, आणि त्रिवेणी मोबाइल बाजूला ठेवून तिच्या मागून फिरली. अप्पाराव कंबरेवर हात देऊन उभे राहिले. मनाशी म्हणाले, आता बघ म्हणावं, रान कुणाचं आहे ते.

मग मालतीबाईंची आठवण निघाली. "त्या वर येऊ शकत नाहीत," जयवंता म्हणाली. "पहिलं ताट त्यांना. सगळेच चला खाली, त्यांच्या पंगतीला बसू दहा मिनिटं." सगळे उतरून शेजारी गेले. त्रिवेणी शेवटी निघाली आणि फाटक लोटायला विसरली.

दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. मालतीबाईंनी आंबील दोनदा मागून घेतली. परत आले तेव्हा जिन्यावर पहिल्या वळणाला काही तरी ओलं पडलेलं होतं. त्रिवेणीने वाकून बघितलं.

"बाबा, ये क्या है? शेण?"

अप्पाराव धापा टाकत वर पोचले. गच्चीच्या मध्यभागी म्हैस उभी होती. गल्लीच्या तोंडाशी तबेला असलेल्या मल्लेश यादवाची राणी. दिवाळीत यादवांच्या सदर सणाच्या मिरवणुकीत शिंगांना मोरपिसं लावून, मागच्या पायांवर उभी राहून जी नारायणगुड्याला सलामी देते ती. कोपी तिच्या तोंडात होती. पांडव लोळत होते. मडकं उपडं, आणि त्यातली आंबील तिच्या मिशांवर. पूर्वेकडची अर्धी रांग जमीनदोस्त झाली होती आणि उरलेल्या अर्ध्या रांगेकडं ती शांतपणे वळत होती.

म्हैस जिना चढते का, असं पुढं पुष्कळांनी विचारलं. अंबरपेठेत अजूनही चार माणसं शपथेवर सांगतील की ती चढली, आणि आत शिरताना शेपटीने फाटकाची घंटाही वाजवली.

"हाकला तिला," अप्पाराव ओरडले, पण पुढं झाले नाहीत.

मल्लेश धावत आला. म्हशीकडं बघितलंच नाही त्याने. पिकाकडं बघत राहिला. एक पान तोडलं, चुरगाळलं, वास घेतला.

"अरे अप्पाराव साब," तो म्हणाला, "इत्ता मस्त चारा छत पे? मेरे कू बोलते तो मैं रोज काट के ले जाता."

"चारा नाही. जोंधळा आहे."

"नक्को साब. ये चारे की जवारी है. भैंसां की. आसमान तक बढती, मगर दाना नक्को पूछो. दूध अच्छा उतरता इससे."

 राणीच्या चघळण्याचा तेवढा आवाज येत होता. त्रिवेणी ओढणी तोंडाला लावून कठड्याकडं वळली. श्रीनिवासरावांनी चेहरा असा सरळ ठेवला की तो ठेवायला त्यांना किती कष्ट पडत होते ते स्पष्ट दिसत होतं.

"कडवळ," ते अखेर म्हणाले. "मराठीत कडवळ म्हणत असावेत."

अप्पारावांना वाटलं, म्हशीने आता आपल्यालाही खावं.

पण म्हशीचं पोट भरलं होतं. आणि दुसरंच संकट पुढं आलं. चढलेली म्हैस उतरेना. जिन्याच्या तोंडाशी नेली की खाली बघायची, चारी खूर रोवायची आणि कान मागे टाकायची. मल्लेशने दोरी ओढली, दोन पोरांनी मागून रेटली. तिने सावकाश वळून शेण टाकलं.

"पायरी देख के डरती," मल्लेश कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "पायऱ्या दिसूच नै देना. मिट्टी के बोरे डाल के उतार बनाना पडता."

सगळ्यांचं लक्ष एकदम कठड्यापलीकडं गेलं. श्रीनिवासरावांच्या गच्चीवर कोपऱ्यात पोती रचून ठेवलेली होती. माती, खत, कोकोपीट, सगळं चाळणीने चाळून, उन्हाळ्याच्या लागवडीसाठी. स्वतःच्या हाताने चाळलेलं. मग सगळ्यांनी अप्पारावांकडं बघितलं.

अप्पारावांनी घसा खाकरला. कोठीच्या स्टँडवर त्यांनी कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त.

"श्रीनिवासराव."

"बोला."

"ती तुमची पोती."

"हं."

"द्याल का?" एवढे दोन शब्द काढताना कंबर पुन्हा भरून आल्यासारखी झाली.

"का नाही? न्या." श्रीनिवासराव थोडे घुटमळले. मग फरशीवर पडलेल्या शेणाच्या ताज्या पोवट्यांकडं बघत कोर्टातल्या सुरात म्हणाले, "माझाही एक अर्ज होता. हे जे आहे, ते मला घेऊ द्याल का? तबेल्यातलं सगळं आधीच बोललेलं असतं. मला मिळत नाही."

अप्पारावांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं खरीखुरी हाव होती. क्षणभर त्यांना बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी मनात हिशेब सुरू झाला. आपण कंबर मोडून वाढवलेलं कडवळ, त्याचं शेण, आणि ते याच्या वांग्याला. पण जयवंता बघत होती.

"घ्या," ते म्हणाले.

पोती कठड्यावरून इकडं आली. अप्पाराव आणि श्रीनिवासराव, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, अशी एकेक पायरीवर टाकली. एक फुटलं, श्रीनिवासरावांनी डोळे मिटले. मल्लेशने राणीच्या डोळ्यांवर गमछा बांधला. आणि जयवंता उरलेल्या कडवळाची पेंढी घेऊन तिच्या तोंडापुढं उभी राहिली.

"चल बाय माझी," ती म्हणाली. "भिऊ नको. मी आहे की. टाक पाय. टाक गं लेकरा."

असा आवाज अप्पारावांनी या घरात कधी ऐकला नव्हता. पोरांना झोपवतानासुद्धा असा नव्हता. तो उदगीरकडचा आवाज असावा, लग्नाच्या गाडीत बसताना मागेच राहिलेला. ते शेपटीला धरून उभे होते, आणि शेपटी धरल्या धरल्या त्यांना म्हशीचा हेवा वाटला.

राणी उतरली. पोत्यांवरून, एकेक खूर तोलत, उन्हं कलायच्या आत खाली रस्त्यावर. गल्लीने टाळ्या वाजवल्या. त्रिवेणी संध्याकाळी हसत हसत घरी गेली.

अप्पाराव वर गच्चीवर बसून राहिले. सगळीकडं बुडखे, चिखल, खुरांचे ठसे. जयवंता झाडू घेऊन आली. पांडवांचे खडे गोळा करून तिने पदरात पुसले.

"तुला माहीत होतं?" अप्पारावांनी विचारलं. "कडवळ आहे म्हणून?"

"दुसरं पान फुटलं तवाच."

"मग सांगायचं नाही? गावभर शोभा झाली माझी."

"सांगितलं असतं तर तुम्ही उपटलं असतं," जयवंता म्हणाली. "मग मी बसले कुठं असते?"

"कधी बसलीस तू? पहाटे तर तिकडं पळतीस."

"पहाटे काम असतं तिकडं. माव्याला का सवड आहे? दुपारी येऊन बसायची मी हितं. रोज. त्या दोन पिंपांच्या मधी. थंडगार असायचं. वारा सुटला की रानात बसल्यासारखं वाटायचं. डोळे मिटून घ्यायची."

"रोज? आणि मी कुठं होतो?"

"झोपलेले. पक्की झोप. तुमच्या टायमावर."

अप्पारावांनी पायापाशी पडलेलं एक पान उचललं.  मग म्हणाले, "उठवायचं की मला."

"तुम्ही टाइम सांगितला होता. ये म्हणून कवा सांगितलं होतं?"

ती झाडत पलीकडच्या कोपऱ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जयवंता कठडा ओलांडून गेली. अप्पारावांनी तिला अडवलं नाही, कठड्यापलीकडं डोकावलेही नाहीत. दुपारी जेवण झालं, हात धुतले, आणि ते खोलीकडं न वळता जिना चढले. जयवंता आधीच येऊन दोन पिंपांच्या मधे बसली होती. ते तिच्या शेजारी, गुडघे दुमडता येत नव्हते म्हणून पाय लांब करून बसले. कडवळ नव्हतं, सावली नव्हती. ऊन टाळूवर थेट पडत होतं, फरशी तापली होती, कालचा शेणाचा वास अजून होता.

"जा की खाली," जयवंता म्हणाली. "ऊन लागंल."

"असू दे."

ती हसली. पदराचं टोक काढून तिने त्यांच्या डोक्यावर टाकलं, तेवढीच सावली.

कठड्यापलीकडे हालचाल झाली. श्रीनिवासराव भर दुपारी, एकटेच, वांग्यांना ते शेण घालायला आले होते. खाली मालतीबाईंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि थांबला. श्रीनिवासरावांनी घमेलं खाली ठेवलं आणि इकडं बघितलं. एका पदराखाली बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडं बघत उभे राहिले. हातातलं खुरपं तसंच. बघणं थांबवावं हे त्यांच्या लक्षात येईना.

ती नजर अप्पारावांच्या चांगली ओळखीची होती. दोन-अडीच महिने पानं बाजूला करून त्यांनी ती स्वतः पलीकडे फेकली होती.

अप्पारावांनी डोक्यावरचा पदर तसाच राहू दिला. फक्त जरासे बाजूला सरकून बसले, म्हणजे त्या माणसाला दोघं नीट दिसावीत.